पालकांना शाळेत काम द्या

जून महिन्यात शाळा उघडल्या, नवी पुस्तके हाती आली आणि हजेरीपटावर नावे चढली की थोड्याच दिवसांत गिरगाव, दादर, परळ, लालबाग या मुंबईच्या जुन्या वस्त्यांमधील शाळांत वर्षाची पहिली पालकसभा भरते. वार बहुधा कामाचा असतो आणि वेळ सकाळी अकराच्या सुमाराची. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या मापाच्या बाकावर त्याची आई अंग चोरून बसते. गणवेश, आधार कार्ड, बँकेचे खाते, शिष्यवृत्तीचा अर्ज, उशिरा येणाऱ्या मुलांबद्दलची ताकीद अशा एकामागून एक सूचना तिला ऐकवल्या जातात. मग एक वही बाकांवरून फिरते आणि तिच्यात नावापुढे सही होते. पाऊण तासात सभा आटोपते, आणि चार घरांची कामे मध्येच टाकून आलेली ती आई धावतपळत कामावर परतते. आपल्या मुलाला या महिन्यात काय शिकवले जाणार आहे, ते त्याला उमगले की नाही हे घरी कसे ओळखावे, आणि ते उमगावे म्हणून आपण रोज थोडा वेळ तरी नेमके काय करावे, याविषयी एक अक्षरही तिच्या कानावर पडलेले नसते.

या अनुभवात कोणाचा दुष्टावा नाही. शिक्षक बहुधा मनापासून राबणारे असतात आणि पालकही मुलांच्या भवितव्याविषयी उदासीन नसतात. किंबहुना ज्याला स्वतःला शिकता आले नाही त्याच्या मनात मुलाच्या शिक्षणाची ओढ अधिकच तीव्र असते. तरीही शाळा आणि घर यांच्यामध्ये जो व्यवहार चालतो तो सूचना, सही आणि तक्रार या तीन गोष्टींपलीकडे क्वचितच जातो, आणि ज्या एका कामासाठी शाळा अस्तित्वात आली त्या अध्ययनाच्या कामात पालकाला कोणतेही स्थान दिले जात नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की पालकाला शाळेच्या समितीत नुसती जागा देऊन भागणार नाही. त्याला अध्ययनाच्या संदर्भात नेमके, त्याच्या आवाक्यातले आणि ज्याचे फळ त्याला स्वतःला दिसेल असे काम दिले पाहिजे. तसे काम मिळाले तर अशिक्षित म्हणून आजवर बाजूला ठेवलेला पालकही ते उत्तम रीतीने करतो, याचे पुरावे याच भागाच्या इतिहासात आहेत.

कायद्याची तरतूद अपुरी आहे असे कोणी म्हणणार नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा 2009चा अधिनियम 1 एप्रिल 2010पासून अंमलात आला, आणि त्याच्या एकविसाव्या कलमान्वये सरकारी, पालिकेच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमणे बंधनकारक झाले. समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालकांमधले असावेत, एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करण्यात समितीचा हात असावा, अशी त्या कलमात तरतूद आहे. तरतूद उत्तम आहे. पण दप्तरी इतिवृत्त लिहिले गेले, कोरम भरला आणि ठराव संमत झाला म्हणजे मुलाला वाचता येऊ लागते असे नाही, आणि याचा एक विलक्षण बोलका दाखला उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात मिळाला आहे.

तेथे 2005-06च्या सुमारास अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी ‘प्रथम’ या संस्थेच्या साह्याने एक प्रयोग केला. गावागावांत शिक्षणसमित्या कायद्याने आधीच होत्या. परंतु पुष्कळ पालकांना अशी काही समिती आहे हे माहीत नव्हते, आणि काही सभासदांना आपण सभासद आहोत याचाच पत्ता नव्हता. मग काही गावांत सभा भरवून लोकांना समितीचे हक्क समजावून दिले. काही गावांत त्याच्या जोडीला मुलांचे वाचन किती कच्चे आहे हे गावकऱ्यांनी स्वतः तपासून पाहावे म्हणून त्यांच्या हाती साधी चाचणी दिली. आणि काही गावांत या दोहोंच्या पुढे जाऊन गावातल्याच तरुणांना वाचन शिकवण्याची एक सोपी पद्धत शिकवली व शाळेबाहेर वाचनाचे वर्ग चालवण्याची मुभा दिली. पहिल्या दोन उपायांनी शाळेत काही फरक पडला नाही. तिसऱ्या उपायाने मात्र वर्गांना गेलेल्या मुलांच्या वाचनात स्पष्ट सुधारणा झाली. लोकांना हक्क सांगितले, वस्तुस्थितीही दाखवली, तरी ते हलले नाहीत. ‘हे असे करा’ म्हणून एक काम हातात दिले तेव्हा तशीच माणसे उठून कामाला लागली. सहभागाविषयीच्या आपल्या सगळ्या शासकीय परिपत्रकांनी मनावर घ्यावा असा हा निष्कर्ष आहे.

आता गिरगावाकडे वळू. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी 1848 साली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली आणि पुढल्याच वर्षी मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा इमारत नव्हती, पगारी शिक्षक नव्हते आणि लोकमत तर उघड प्रतिकूल होते. तरुण मंडळींनी स्वतःचा वेळ काढून विनावेतन शिकवायचे, आणि मुली मिळाव्यात म्हणून घरोघर फिरून आईबापांची मनधरणी करायची, असा तो उद्योग होता. दादाभाई नवरोजी त्या फिरणाऱ्यांत होते. आपल्या ओसरीवर बसून मुलींना लिहावाचायला शिकवू द्या एवढीच त्यांची विनंती असे, आणि काही गृहस्थांनी त्यांना पायऱ्यांवरून खाली ढकलून देण्याची धमकीही दिली होती. त्या विरोधाच्या वातावरणात नाना शंकरशेटांनी गिरगावात आपल्या वाड्याच्या आवारात मुलींच्या शाळेला जागा दिली. मुलींच्या या शाळांचा आरंभ या रीतीने ओसरीवर आणि वाड्यात झाला. शाळा आधी घराच्या दारी गेली, आणि मग घर शाळेत आले. हा क्रम आज आपण उलटा करून ठेवला आहे, आणि पालक येत नाहीत अशी तक्रार करीत आहोत.

याहून हृदयाला भिडणारी हकीकत परळची आहे, आणि ती प्रत्येक शिक्षकाने व प्रत्येक पालकाने पुन्हा पुन्हा आठवावी अशी आहे. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर कुटुंब घेऊन परळच्या चाळीत राहावयास आले, तेव्हा त्यांचा संसार एका खोलीत होता. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत भांडीकुंडी, तेथेच जाते आणि तेथेच बांधलेली शेळी. एल्फिन्स्टन हायस्कुलात जाणाऱ्या आपल्या मुलाला या गर्दीत अभ्यास करता यावा म्हणून रामजींनी जी व्यवस्था लावली ती धनंजय कीरांनी चरित्रात नोंदवली आहे: मुलाने रात्री लवकर निजायचे, वडिलांनी जागत बसायचे, आणि दोन वाजता घर शांत झालेले असताना मुलाला उठवून मिणमिणत्या दिव्यापाशी अभ्यासाला बसवून मगच आपण पाठ टेकायची. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले की लेकींकडून दागिना मागून आणायचा, तो गहाण टाकायचा, आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत द्यायचा. त्या मुलाचे नाव भीमराव आंबेडकर.

रामजी शिकलेले होते, लष्करी शाळेत शिक्षक होते, तेव्हा त्यांचा दाखला मोलमजुरी करणाऱ्या आईबापांना कसा लागू पडावा, अशी शंका येणे शक्य आहे. परंतु त्यांनी त्या चाळीत जे केले त्यात विद्वत्तेचा भाग थोडा आणि व्यवस्थेचा अधिक होता. वेळ ठरवून देणे, जागा मोकळी करून देणे, स्वतःची झोप मागे सारणे आणि मुलगा अभ्यास करतो आहे याची रोज दखल घेणे, यांपैकी एकही गोष्ट लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला अशक्य नाही. आणि या हकीकतीत दुसरे एक पात्र आहे, ज्याचा उल्लेख सहभागाच्या चर्चेत कोणी फारसा करीत नाही. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक व मराठी ग्रंथकार चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचत बसत. त्याच बागेत शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला. त्यांनी चौकशी केली, त्याला वाचावयास ग्रंथ देऊ लागले. मुलगा त्यांच्या शाळेतला नव्हता, त्यांच्या जातीचा नव्हता, त्यांच्या आळीतलाही नव्हता. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांच्या सत्काराची सभा झाली. तीत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले, आणि पुढे पैशाअभावी महाविद्यालयीन शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा त्यांनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची गाठ घालून दिली. दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एका बाजूस दोन वाजेपर्यंत जागणारा बाप, दुसऱ्या बाजूस बागेत परक्या मुलाची विचारपूस करणारा शिक्षक आणि तिसऱ्या बाजूस त्याच्या यशाची सभा भरवणारा समाज, असे तिघेजण त्या एका मुलाच्या शिक्षणात गुंतले होते. समाजाचा सहभाग म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी परळ ते चर्नी रोड या रस्त्यावरची ही माणसे दाखवीन.

गिरण्यांचा काळ भरात असताना ही गुंतवणूक संस्थारूपाने उभी राहिली. नारायण मल्हार जोशी यांनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली, आणि कामगारवस्तीत रात्रीच्या शाळा, फिरती वाचनालये व वाचनगृहे काढली. गिरणीचा भोंगा ज्याच्या दिवसाचा धनी होता त्याला शाळेच्या वेळेत बोलावण्यात अर्थ नाही, म्हणून शाळेनेच त्याच्या वेळेशी जुळवून घेतले, हे त्या कार्याचे मर्म होते. जोशी पुढे कामगार चळवळीचे मोठे नेते म्हणून ओळखले गेले. पण परळच्या खोल्यांतून रात्री कंदील लावून शिकणारे साचा (विणकाम) खात्यातले आणि त्रासन (सूतकताई) खात्यातले कामगार त्यांना प्रथम या कामामुळे आपला माणूस मानू लागले असावेत, असे मला वाटते. नारायण सुर्वे यांना वाढवणारे गंगाराम सुर्वे हे अशाच गिरणगावातले कामगार. ते अनाथ मूल त्यांनी घरी आणले, शाळेत घातले, आणि तोच मुलगा पुढे पालिकेच्या शाळेत आधी शिपाई व नंतर शिक्षक झाला, मराठीचा मोठा कवी झाला.

दादरच्या वाट्याला आणखी एक ठेवा आला. ताराबाई मोडक यांनी 1936 साली दादरला शिशुविहार सुरू केला. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या सहवासात तयार झालेल्या या बाईंना लहान मुलाचे शिक्षण शाळेच्या भिंतींत संपत नाही हे पक्के ठाऊक होते, म्हणून बालशाळेइतकेच लक्ष त्यांनी आईबापांकडे दिले. मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवून मुलाशी कसे बोलावे, त्याच्या प्रश्नांना उत्तर कसे द्यावे, मारझोड का करू नये, हे घराघरांत पोहोचवले. पुढे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी 1945 साली आदिवासी व हरिजन मुलांसाठी काम आरंभले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत असे पाहून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी अनुताई वाघ यांच्यासह कुरणशाळा भरवली. सबंध देशात आज ज्या संस्थेला अंगणवाडी म्हणतात तिची कल्पना त्या अंगणातून निघाली आहे.

मुंबईतलेच त्यानंतरचे उदाहरण ‘प्रथम’चे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान विभागात अध्यापन केलेले माधव चव्हाण आणि समाजकार्याच्या अध्यापिका फरीदा लांबे यांनी नव्वदीच्या दशकाच्या मध्यास वस्त्यांमधून बालवाड्या काढल्या, आणि त्यासाठी इमारत बांधण्याची वाट पाहिली नाही. कोणाची खोली, कोणा मंडळाचे कार्यालय, कोठे देवळाची जागा, मिळेल तेथे वर्ग बसले, आणि शिकवणारी मुलगी त्याच वस्तीतली निवडली. चव्हाण हे लाल निशाण पक्षाचे यशवंत चव्हाण यांचे चिरंजीव. कामगारवस्तीशी घरोबा असणे त्यांना नवे नव्हते. पुढे पालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांसाठी बालसखी आल्या. परिसरातली, बहुधा दहावीपर्यंत शिकलेली तरुणी, सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण, पंधरा-वीस मुलांचा गट आणि रोज दोन तास. मुंबई व बडोदा येथे 2001 ते 2003 या काळात या प्रयोगाची काटेकोर परीक्षा झाली आणि मुलांच्या भाषा-गणितात लक्षणीय वाढ आढळली. या मुलींजवळ अध्यापनाची पदविका नव्हती. ज्या वस्तीतली मुले त्याच वस्तीतल्या त्या होत्या, मुलाची आई कुठे कामाला जाते आणि वडील का रागावतात हे त्यांना ठाऊक होते, आणि काय करायचे ते त्यांना नीट सांगितलेले होते.

येथे मला पालकांच्या ज्ञानाविषयी दोन शब्द आवर्जून सांगावयाचे आहेत, कारण शाळेच्या मनात पालक हा सदैव कमी जाणणारा असतो आणि पालकही हा ग्रह स्वतःविषयी करून घेतो. एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मसाला गल्लीत एक तास उभे राहून पाहावे. गृहिणी हातात यादी घेऊन येतात. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, काश्मिरी कितपत घ्यावी. किलोभर मिरचीला धणे किती, दगडफूल किती, लवंग-दालचिनी किती ग्रॅम. आणि यंदा नणंदेचा व शेजारणीचाही मसाला सोबत करायचा म्हणून मिरची साडेतीन किलो झाली तर बाकीचे जिन्नस कसे वाढतील, हे सगळे त्या उभ्या उभ्या तोंडाने सांगतात. देठ खुडताना वजन किती घटेल, उन्हात किती सुकेल, भाजून कुटल्यावर हाती काय येईल, हेही त्यांच्या हिशोबात असते. पाचवी-सहावीच्या वर्गात ज्या त्रैराशिकापाशी मुले अडखळतात ते त्रैराशिक यांपैकी पुष्कळ बायका शाळेचे तोंड न पाहता बरोबर सोडवतात. अशा एका आईला वर्गात बोलवावे, टेबलावर मिरची, धणे व तराजू ठेवावा आणि तिच्या तोंडून प्रमाण समजून घ्यावे. शिक्षकाने तेच फळ्यावर मांडावे. त्या दिवशी गणित तर कळेलच, पण आपल्या आईला शाळेने काही विचारले हे त्या मुलाच्या मनात जन्मभर राहील.

हीच गोष्ट खानावळवालीची. घरची खोली आणि दोन शेगड्या एवढ्या भांडवलावर दहा-पंधरा गिरणी कामगारांना महिनेमहिने उधारीवर जेवू घालून त्यांचा पगार झाला की हिशोब चुकता करून घेणाऱ्या ज्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, त्यांच्या नाती आज या भागातल्या शाळांत शिकत असतील. साच्यावर आयुष्य घालवलेले आजोबाही अजून काही घरांत आहेत. 1982च्या गिरणी संपानंतर त्यांचा साचा कायमचा थांबला, पण ताणा आणि बाणा कसा बसतो, इंचात किती धागे येतात, एक धागा तुटला तर कापडात दोष कसा उमटतो, हे ते आजही हातवाऱ्यांनी दाखवू शकतात. इतिहासाच्या पुस्तकात कापडगिरण्यांचा उल्लेख एखाद्या परिच्छेदात येतो. तो परिच्छेद वाचून झाल्यावर त्याच चाळीतले आजोबा वर्गात येऊन बसले तर तो धडा कसा होईल, याचा विचार शिक्षकांनी करावा. परळ-लालबागच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांतला मूर्तिकार याहून वेगळा नाही. मात्र ही माणसे विचारल्याशिवाय येणार नाहीत.

भाषेचा प्रश्न याच्याशी घट्ट जोडलेला आहे. मूल मराठी शाळेत असेल तर सातवीपर्यंत शिकलेली आई त्याचा धडा ऐकू शकते, चुकलेला शब्द थांबवून सांगू शकते, गोष्ट पुढे नेऊ शकते. तेच मूल इंग्रजी माध्यमात घातले की पहिल्याच वर्षी ती आई आपल्याच घरात परकी होते; वहीत काय लिहून आले हे तिला वाचता येत नाही, मग शिकवणी लावावी लागते, आणि मुलालाही हळूहळू वाटू लागते की आईला काही कळत नाही. इंग्रजी शिकू नये असे मी म्हणत नाही, ती उत्तम शिकवली गेली पाहिजे. परंतु माध्यम निवडताना आपण आईला मुलाच्या शिक्षणातून वजा करतो आहोत, ही गोष्ट पालकांना कोणी स्पष्टपणे सांगत नाही. मराठी अभ्यास केंद्राने मराठीप्रेमी पालकांची महासंमेलने भरवून हा विषय लावून धरला आहे. त्या संमेलनांतला विचार गिरगाव-दादरच्या प्रत्येक संस्थाचालकापर्यंत पोहोचावयास हवा. आणि ज्या पालिका शाळांत आज उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कष्टकऱ्यांची मुले मोठ्या संख्येने आहेत, तेथे हाच न्याय हिंदी वा उर्दू बोलणाऱ्या आईला लावावा लागेल. तिला तिच्या भाषेत विचारले, तिच्या भाषेतली गोष्ट वर्गात सांगू दिली, तरच तीही शाळेची होईल.

शिक्षकांचा एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पालकांना आत घेतले की ढवळाढवळ सुरू होते, दोन-चार बोलके व सुस्थितीतले पालक सगळ्या शाळेला वेठीस धरतात, मोबाईलवरच्या गटात रात्री-अपरात्री जाब विचारला जातो, असे ते म्हणतात, आणि हे खोटे नाही. शिवाय निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि माहिती भरण्याचे तक्ते यांत शिक्षकाचा किती वेळ जातो हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्यावर आणखी एक उपक्रम लादणे अन्यायाचे होईल. परंतु ढवळाढवळीचा धोका पालकाच्या हाती निश्चित काम नसते तेव्हाच अधिक असतो. रिकाम्या माणसाला तक्रारच सुचते. या आठवड्यात मुलाकडून हा एक उतारा मोठ्याने वाचून घ्या, ही दहा उदाहरणे बाजारातल्या भावांवरून करून घ्या, आणि शुक्रवारी मला एवढेच सांगा की कुठे अडले, असे ज्या पालकाला सांगितले त्याच्याशी शिक्षकाचे बोलणे मुलाच्या अडचणीविषयी होते आणि शिक्षकाला वर्गात न दिसणारी माहिती मिळते. अध्यापनाची पद्धत व अभ्यासक्रम हा शिक्षकाचाच अधिकार राहिला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही.

शासनाने 2022 साली ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात माता-पालकांचे गट केले, मेळाव्यात मुलाची तयारी आईच्या देखत पाहिली आणि घरी काय करावे याची कार्डे तिच्या हाती दिली, हे योग्य दिशेचे पाऊल आहे. कारण त्यात काम सांगितलेले आहे. माझी हरकत एकाच बाबीला आहे. गट मातांचे, मेळावा मातांचा, सूचना मातांना. नोकरी करून, पाणी भरून, स्वयंपाक करून थकलेल्या बाईवर अभ्यासाचीही सगळी जबाबदारी टाकून बाप बाजूला राहिला तर ती विषमता शाळेनेच पक्की केली असे होईल. रात्री दोन वाजेपर्यंत जागणारे रामजी हे वडील होते.

यासाठी पैसा फार लागत नाही, जागा मात्र लागते, आणि जागेच्या बाबतीत हा भाग दरिद्री नाही. दादरच्या छबिलदास शाळेने 1974 साली आपले सभागृह संध्याकाळी ‘आविष्कार’च्या नाटकवाल्यांना दिले आणि त्यातून मराठी प्रायोगिक रंगभूमीचे एक युग उभे राहिले; शाळेच्या दाराची किल्ली समाजाच्या हाती दिल्याने शाळेचे नाव मोठेच झाले. आज लालबाग-परळच्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांनी पुस्तकपेढ्या व अभ्यासिका चालवून आपले कर्तव्य ओळखले आहे. या अभ्यासिका बहुधा मोठ्या परीक्षांना बसणाऱ्यांसाठी असतात. त्यांतला संध्याकाळचा एक तास पहिली ते चौथीच्या मुलांना द्यावा, आणि मंडळातल्या महाविद्यालयीन कार्यकर्त्यांनी बालसखींप्रमाणे पंधरा-पंधरा मुलांचा गट घेऊन बसावे. उत्सवाच्या दिवसांत रात्ररात्र उभे राहणाऱ्या या तरुणांना ते जड नाही.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की येत्या जूनमधली पहिली पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला न घेता रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर घ्यावी, आईबरोबर वडिलांनाही नावानिशी बोलवावे, गणवेश आणि कागदपत्रांचा विषय शेवटी ठेवावा, आणि आरंभी प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या वर्गाचे जून महिन्याचे काम पालकांच्या भाषेत सांगून घरी रोज वीस मिनिटे काय करावयाचे ते एका कागदावर छापून द्यावे. पालिकेच्या शिक्षण खात्याने या सभांची नोंद घेताना किती पालक आले एवढेच न विचारता त्यांना कोणते काम दिले गेले हे विचारावे, आणि ते काम ज्यांच्याकडून झाले नाही त्यांच्या घरी शिक्षकाने व समितीच्या एका सभासदाने मिळून जाऊन यावे.